पाण्यावरचा विमानतळ

विमानतळ म्हटला कीं लांबलचक धांवपट्टी डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत, हँकॉक गांवाजवळच्या पोर्टेज कालव्यावर, पाणी हीच धांवपट्टी आहे. येथून जलविमानें सुपीरियर सरोवरांतील आइल रॉयल बेटाकडे प्रवासी नेतात. सुमारें ७२ किलोमीटर लांबीचें हें बेट १९४० सालीं राष्ट्रीय उद्यान झालें आणि १९७६ सालीं त्यांतील जवळजवळ सर्व जमीन अरण्य म्हणून कायद्यानें राखून ठेवण्यांत आली. तेथें मोटारी नाहींत. बोटीनें सहा तास लागतात. विमान पाऊण तासाच्या आसपास पोंचतें.

जलविमानाला चाकांऐवजीं दोन लांबट, बंद होड्या जोडलेल्या असतात. पाणी त्यांना धरून ठेवूं पाहतें. तें सुटावें म्हणून त्यांच्या तळाला मध्यावर एक आडवी पायरी असते. वेग वाढला कीं होड्या वर चढून पाण्यावर घसरूं लागतात, पायरीमागें हवा शिरते आणि पकड सुटते. लाटा वैमानिकाला नकोशा, हें कोणासही समजेल. पण आरशासारखें निश्चल पाणीही त्याला भिवविणारें असतें. पृष्ठभाग नजरेस न पडल्यामुळें उंचीचा अंदाज फसतो.

यासाठीं बेटावर उतरण्याची जागा उघड्या सरोवरांत नाहीं. पूर्वेस टोबिन हार्बरची अरुंद खाडी आणि पश्चिमेस विंडिगोजवळची खाडी, येथेंच प्रवासी उतरतात. अंतर्भागांत पुष्कळ तळीं आहेत, पण तीं वैमानिकांस मोकळीं नाहींत. वैमानिकांची सोय पाहिली असती तर अरण्याची शांतता उरली नसती. स्टोव्हचें इंधनही विमानांत नेऊं देत नाहींत. तें बेटावरच्या दुकानांतून घ्यावें लागतें. धुकें पडलें तर उड्डाण राहतें, म्हणून शहाणा प्रवासी एक-दोन दिवसांची शिधा जास्त बाळगतो.

हिवाळ्यांत बेट लोकांस बंद असतें. तेव्हां मात्र विमानच अरण्याच्या कामीं येतें. तेथील लांडगे व मूस जातीचीं प्रचंड हरणें यांचा अभ्यास १९५८ सालीं सुरू झाला. घसरपट्ट्या लावलेल्या लहान विमानांतून बर्फावरील माग पाहून त्यांची गणती होत आली. २०१८ सालीं लांडगे दोनच उरले होते. त्याच वर्षाच्या शरदांत मिनेसोटांतून नवे लांडगे हवाईमार्गानें बेटावर आणण्यांत आले.