आंबडवे : गाव डोंगरात, माणसे मुंबईत

परमपूज्य बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूला झाला, हे आपल्या घरातले लहान पोरही सांगते. पण बाबासाहेबांचे मूळ गाव कोणते, असे विचारले की मोठी माणसेही अडखळतात. ते गाव म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. सुभेदार रामजी सकपाळ यांचे हे वडिलोपार्जित गाव. गावावरून आंबडवेकर हे आडनाव आले आणि शाळेच्या दप्तरात त्याचे आंबेडकर झाले. गावात स्मारक आहे, तेथे बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी येथे येऊन अभिवादन केले.

बोट, एस.टी. आणि रेल्वे

मंडणगड तालुका म्हणजे सगळा डोंगर. एका अंगाला सावित्रीची खाडी, मुखाशी बाणकोट. पूर्वी कोकणी माणसाची मुंबईची वाट पाण्यातून जाई. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेला निघालेले बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीनेच आले, दासगावला उतरले आणि तेथून महाडला गेले.

आज आधार एस.टी.चा. मुंबई-गोवा महामार्गावर लोणेऱ्यास आत वळायचे, गोरेगाव, आंबेतमार्गे खाडीपूल ओलांडून म्हाप्रळ आणि पुढे मंडणगड. लोणेऱ्यालाच बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, ते मुलांना जरूर दाखवावे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर खुली झाली, पण मंडणगड तालुक्यात रूळ आले नाहीत. रेल्वेने जाणाऱ्याने खेडला उतरून पुढे एस.टी. धरावी. दापोलीमार्गे गेल्यास माता रमाईचे वणंदही वाटेजवळच आहे. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, म्हणून कुटुंबाला हा प्रवास आता जड नाही.

मात्र रस्ता नीट नसला की किंमत गरीबच मोजतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल जून २०१७ मध्ये सुरू झाला. पूल सहा-सात महिन्यांत बांधता येतो, मग जुना वेळेवर का बदलत नाहीत, हा आमचा सवाल आहे.

माणसे गेली कुठे?

२००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. सारा महाराष्ट्र वाढत असताना हा जिल्हा ऐंशी हजारांवर माणसांनी घटला! दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,१२२. याचा अर्थ उघड आहे. कर्ता पुरुष गिरणीत, गोदीत, महापालिकेत गेला. शेत, गुरे आणि म्हातारी माणसे बाईच्या माथी आली. पुढे मुलांच्या शिक्षणासाठी तीही मुंबईला आली आणि घराला कुलूप लागले. माणसे कमी म्हणून गाडीला प्रवासी कमी, शाळेला पोरे कमी. आणि गाडी व शाळा नाही म्हणून आणखी माणसे कमी. हे चक्र डोंगरातल्या प्रत्येक वाडीला गिळते आहे.

आपण काय करावे?

मुंबईला येणे हा काही गुन्हा नव्हे. गावकुसाबाहेरचे जिणे सोडून शहराकडे चला, असे बाबासाहेबांनीच सांगितले. पण शहरात आल्यावर गावच्या हक्काचे पाणी सोडायचे नसते. सातबाऱ्यावर वारसांची नावे, मुलीबाळींसकट, लावून घ्या. गावच्या मंडळामार्फत एस.टी.च्या फेऱ्यांसाठी लेखी अर्ज करा. २०२७ च्या जनगणनेत आपण राहत्या जागी मोजले जाणार. तेव्हा घरातील प्रत्येकाच्या धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असे नोंदवले गेले की नाही, हे स्वतः पाहा.

आणि येत्या सुट्टीत पोराबाळांना घेऊन एकदा आंबडव्याला जा. ज्या डोंगरातून आपल्या माणसांनी वाट काढली, तो डोंगर त्यांनी पाहिलाच पाहिजे. जयभीम!