धम्मयात्रेची आखणी : गया आणि वाराणसी

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी श्रद्धावंताने पाहावीत अशी चार स्थाने सांगितली आहेत : लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर. ही चारही स्थाने आणि त्यांच्या जोडीला राजगृह, नालंदा, वैशाली, श्रावस्ती एकाच फेरीत दाखविणाऱ्या बसयात्रा आपल्या वस्त्यांमधून निघत असतात. त्यामागील श्रद्धेविषयी शंका नाही. परंतु वर्षभर पैसा साठवून निघालेले कुटुंब दिवसाचा मोठा भाग गाडीत बसून काढते आणि नालंदेच्या अवशेषांत त्याला तासभरही मिळत नाही. म्हणून आमची सूचना अशी की, एका खेपेस सर्व पाहण्याचा हट्ट सोडावा. रेल्वेने जावे, दोनच नगरांत मुक्काम करावा, सामान खोलीवर ठेवून सकाळी निघावे आणि सायंकाळी परतावे.

पहिल्या यात्रेसाठी गया आणि वाराणसी हे मुक्काम सर्वांत सोयीचे होत. मुंबईहून प्रयागराजमार्गे हावड्यास जाणारी मेल नाशिक, भुसावळ, इटारसी, जबलपूर करीत गयेस थांबते, तर वाराणसीहून मुंबईस येण्यास महानगरी एक्सप्रेस आहे. तेव्हा गयेस उतरावे व वाराणसीहून परतावे. आलेली वाट पुन्हा तुडविण्याचे कारण नाही. नागपूरकडील उपासकांना इटारसीस गाडी बदलून हाच मार्ग धरता येतो. गया ते वाराणसी हा सुमारे २२० किलोमीटरचा टप्पा ससारामवरून जातो. थेट गाडी न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवर (२०१८ पूर्वीचे मुगलसराय) उतरून रिक्षाने वाराणसी गाठावी.

१ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० नव्हे, तर ६० दिवस आधी खुले होते. जुन्या हिशेबाने बेत करणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. त्याहून महत्त्वाची निवड दिवसांची आहे. पितृपक्षात पिंडदानासाठी येणाऱ्यांनी गया भरून जाते. दिवाळीनंतर छठच्या सुमारास बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवण्यास जागा नसते. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या खोऱ्यातील धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात. आमच्या मते फेब्रुवारी महिना उत्तम.

वारही पाहून ठेवावा. नालंदा व सारनाथ येथील पुरातत्त्व संग्रहालये शुक्रवारी बंद असतात. सारनाथला जाऊन अशोकाचे सिंहशीर्ष न पाहता परतावे लागले, तर ती चुटपुट कायमची राहते. सोमवारी रात्री मुंबई सोडल्यास बुधवारी पहाटेच्या सुमारास गया येते. उजाडेपर्यंत स्थानकावरच थांबावे. बुधवार बोधगयेस द्यावा, गुरुवार राजगृह-नालंदेस. शुक्रवारी सकाळी पुन्हा बोधगया करून दुपारनंतरच्या गाडीने वाराणसी गाठावी.

बोधगया गया स्थानकापासून साधारण १५ किलोमीटरवर असून रिक्षा सतत मिळतात. महाबोधी महाविहारात मोबाइल नेता येत नाही. तो खोलीवरच ठेवावा. पहाटे, गर्दी होण्यापूर्वी, बोधिवृक्षाजवळ शांतपणे बसावे. निरंजनेपलीकडे सुजाता स्तूप आहे. बसयात्रेत तो बहुधा वगळला जातो.

राजगृह गयेहून रस्त्याने दोनेक तासांवर आहे. वृद्धांना गृध्रकूटाची चढण जड जाते. त्यांनी रत्नगिरीवरील विश्वशांती स्तूपापर्यंत रोपवेने जावे आणि तेथून पायवाटेने गृध्रकूटाकडे उतरावे. वेणुवन पाहून दुपार नालंदेसाठी राखावी. अंतर अवघे १२ किलोमीटर. येथे मात्र घाई नको. मधोमध अंगण, भोवती भिक्खूंच्या लहान लहान खोल्या, सांडपाण्याची गटारे, विहीर अशी एकापुढे एक विहारांची रांगच लागते. सातव्या शतकात ह्युएनत्संग येथेच शिकला. आपल्यापैकी जे मिलिंद महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहून शिकले, त्यांना या खोल्यांची रचना कोणी समजावून सांगावी लागणार नाही. मुलांना त्या अवश्य मोजू द्याव्यात.

शनिवार सारनाथचा. वाराणसीहून ते १० किलोमीटर आहे. प्रथम संग्रहालय, नंतर धामेक स्तूप, शेवटी १९३१ साली खुले झालेले मूलगंधकुटी विहार व तेथील जपानी चित्रकार कोसेत्सु नोसू यांची भित्तिचित्रे, असा क्रम ठेवावा. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेनंतर, महापरिनिर्वाणापूर्वी थोडेच दिवस, बाबासाहेब सारनाथला आले होते.

रविवारी वाराणसीतच राहावे. पर्यटक घाटांवर गर्दी करतात. आपल्याला येथे निराळी कामे आहेत. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या कबीरांचा मठ कबीरचौऱ्यात आहे. विद्यापीठाच्या पलीकडे सीर गोवर्धनपूर हे संत रविदासांचे जन्मस्थान मानले जाते. ‘द अनटचेबल्स’ हा १९४८ चा ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार व चोखामेळा यांच्यासह रविदासांच्या स्मृतीस अर्पण केला, हे येथे आठवावे. सोमवारी निघाल्यास मंगळवारी घर येते.

कुशीनगर व लुंबिनी वाराणसीहून एका दिवसात करण्याचा मोह टाळावा. त्यासाठी पुढील वर्षी गोरखपूर हा स्वतंत्र मुक्काम धरावा. तेथून कुशीनगर सुमारे ५० किलोमीटर आहे. लुंबिनी नेपाळात असल्याने सुनौलीची सीमा ओलांडावी लागते. प्रत्येक प्रौढाने पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे.