नळयोजनेचा हिशोब आणि आपले पोट

पावसाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले, की आमच्या दवाखान्यातील बाकांवर एक ठरावीक दृश्य दिसू लागते. पोटाला पदर घट्ट आवळून बसलेली आई आणि तिच्या मांडीवर मलूल झालेले मूल. अशाच एका जुलै महिन्यात दोन दिवसांत सात रुग्ण आले आणि पत्ते विचारता सातही जण एकाच गल्लीतले निघाले. त्यातील एका आजींनी सहज सांगितले, "डॉक्टरसाहेब, नळाचं पहिलं पाच मिनिटांचं पाणी आम्ही सोडूनच देतो. वास येतो त्याला." संध्याकाळी मी त्या गल्लीत गेलो. घरोघरचे नळ गटारातून नेलेले होते. एका जोडापाशी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. पुढे निदान करायला प्रयोगशाळेची गरजच उरली नाही!

वाचकहो, पाणी चोवीस तास असते तर त्या फुटक्या जोडातून पाणी बाहेर गेले असते, घाण आत आली नसती. पण आपल्याकडे पाणी दिवसातून तासभर, कुठे दिवसाआड, तर उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा येते. नळ बंद झाला की वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि बाहेरचे गटाराचे पाणी फटीतून आत झिरपते. त्यातच कोणी नळाला थेट विजेची मोटार लावली, तर ती शेजाऱ्याचे पाणी ओढतेच, शिवाय गटारातलेही ओढते. कावीळ, विषमज्वर, हगवण, गॅस्ट्रो या साऱ्या पाहुण्यांचा हाच मार्ग.

हे सारे सांगण्याचे कारण म्हणजे राज्याच्या पाणीयोजनांना किती पैसा लागेल याची चर्चा होते, तेव्हा डॉक्टरांना कोणी विचारत नाही. ते काम अभियंत्यांचे, असे आपण समजतो. आकडे मात्र आपल्या पोटाशी थेट निगडित आहेत.

15 ऑगस्ट 2019 रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले, तेव्हा महाराष्ट्रातील सुमारे 1 कोटी 46 लाख ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे 48 लाख घरांतच नळ होता. 2025 पर्यंत ही संख्या सव्वा कोटीच्या पुढे गेली. ज्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला तिला विचारा, ही गोष्ट लहान नाही. मूळ मुदत 2024 ची होती, ती 2028 पर्यंत वाढवण्याची घोषणा 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा. 2025 साली ठेकेदारांची बिले थकल्यामुळे अनेक गावांत कामे अर्धवट राहिली. तेव्हा गरज मोजणे आणि पैसा वेळेवर मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे आपण पाहिलेच.

पण माझा मुद्दा याच्या अलीकडचा आहे. गरज मोजताना काय मोजतात? माणशी दररोज 55 लिटर पाणी धरतात, पुढे वाढणारी लोकसंख्या धरतात. त्यावरून विहीर, पंपघर, विहिरीपासून टाकीपर्यंतची वाहिनी, जलकुंभ आणि गावातील वितरणाचे नळ यांचा खर्च काढतात. हा झाला उभारणीचा खर्च. योजना पुढे चालवायची कोणी? ग्रामपंचायतीने. पंपाचे वीजबिल, वॉलमनचा पगार, गळती काढणे, टाकी धुणे आणि ब्लीचिंग पावडर, हे सगळे पाणीपट्टीतून आणि पंचायतीला मिळणाऱ्या अनुदानातून भागवायचे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी गावांना दिलेल्या अनुदानापैकी 30 टक्के रक्कम पिण्याच्या पाण्यासाठी राखून ठेवायला लावली, ते यासाठीच. तरी कित्येक गावांत नवा कोरा जलकुंभ उभा आणि वीजबिल थकल्याने पंप बंद, असे चित्र आढळते. मग बायका पुन्हा जुन्या उघड्या विहिरीवर, आणि मुले पुन्हा माझ्या बाकावर.

आता पावडरीचा हिशोब पाहू. गाव दोन हजार वस्तीचे. माणशी 55 लिटर म्हणजे रोजचे 1 लाख 10 हजार लिटर पाणी. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. म्हणजे रोज 275 ग्रॅम, वर्षाला सुमारे 100 किलो. 25 किलोच्या चार गोण्या. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते, म्हणून दुप्पट धरा. कोट्यवधींच्या योजनेपुढे आठ गोण्यांची किंमत ती काय? पण जुलै महिन्यात नेमकी तीच संपलेली असते. किंवा असते, पण ओलाव्यात तोंड उघडे टाकून ठेवलेली. ताज्या पावडरीत क्लोरीन सुमारे 33 टक्के असतो, ओल लागली की तो उडून जातो आणि उरतो तो पांढरा चुना. असला चुना पाण्यात टाकून समाधान मात्र मिळते.

काही देशांत ही मोजणी कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत दर चार वर्षांनी प्रत्येक राज्याच्या पिण्याच्या पाण्याची गरज मोजतात आणि केंद्राचा निधी त्या मोजणीनुसार वाटला जातो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुढील वीस वर्षांसाठी 625 अब्ज डॉलरची गरज दाखवली होती. त्यातील सुमारे दोन तृतीयांश रक्कम जमिनीखालच्या वाहिन्यांसाठी होती. श्रीमंत देशाचाही पैसा शेवटी जुन्या नळांतच जातो. आपल्याकडे जुना नळ बदलायचा म्हटले की तो विषय पुढच्या बैठकीत!

हे फक्त खेड्यांचे दुखणे आहे असे मात्र समजू नका. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारी सिंड्रोमचा उद्रेक झाला. या आजारात हातापायांतील शक्ती जाते, काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासाचीही गरज पडते. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. काहींच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. नांदेड, किरकटवाडी ही गावे महापालिकेत आली होती, पण पाण्याची व्यवस्था वस्तीच्या वाढीइतकी वाढली नव्हती.

मग आपण काय करावे? पहिले काम ग्रामसभेत. आरोग्य विभाग पावसाळ्यापूर्वी व नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे जरूर विचारा. पावडरीचा नमुना तपासणीला कधी पाठवला होता, तेही विचारा. गावातील शेवटच्या घराच्या नळाचे पाणी ओ.टी. चाचणीने तपासायला सांगा. थेंब टाकताच पिवळी छटा आली तर क्लोरीन शेवटपर्यंत पोहोचला. टाकीजवळच्या नळावर घेतलेल्या चाचणीला फारसा अर्थ नाही. आणि पाणीपट्टी भरा. हे वाक्य लिहिताना काही वाचक माझ्यावर रागावणार, हे मी जाणून आहे.

दुसरे काम घरात. पाण्याला वास येत असेल किंवा गल्लीत जुलाबाचे रुग्ण असतील तर पाणी खळखळून उकळूनच प्यावे. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी द्यावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. तान्ह्याचे अंगावरचे दूध बंद करू नये. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल गुंगीत राहू लागले किंवा शौचात रक्त दिसले, तर तास वाया न घालवता दवाखाना गाठावा. एका गल्लीत दोन-तीन रुग्ण दिसले की आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवावे, म्हणजे आठवा रुग्ण होण्याआधी जोड सापडेल.

त्या गल्लीतील जोडावर पुढे लोखंडी क्लॅम्प बसवला गेला. नळ मात्र अजून गटारातूनच जातात. वाहिनी बदलण्याचा प्रस्ताव निधीअभावी पडून आहे, असे उत्तर मिळते. आजी अजूनही पहिले पाच मिनिटांचे पाणी सोडून देतात.