लिहून घेणाराची तयारी

पेण-रोह्याकडचं जुनं साठेखत उलगडलं की पहिल्याच ओळींत दोन माणसं भेटतात, 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार'. खाली गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा. मग इसाराची रक्कम आणि तिच्यामागून 'मिळाली, भरून पावलो'. शेवटी 'बाकी रक्कम खरेदीखताच्या वेळी'. दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं चालणारे कित्येक दावे या शेवटच्या चार शब्दांतून निघालेले असतात.

साठेखताने मालकी मिळत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ तसं स्पष्ट सांगतं. देणाराने पाठ फिरवली, तर घेणाराला करार पुरा करून मागण्यासाठी दावा लावावा लागतो. तिथे सरळ माणूस चक्रावतो. शब्द फिरवला समोरच्याने, आणि कोर्ट पहिला जाब विचारतं ते यालाच. तुम्ही स्वतः तयार होतात का? पैसे होते का? मनात होतं का? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचं उत्तर कसकसं बदलत गेलं, त्याचा हा मागोवा.

या प्रश्नाची मुळं मुंबईत आहेत. अर्देशीर मामा विरुद्ध फ्लोरा ससून हा मुंबईच्या मिळकतीचा वाद १९२८ साली प्रिव्ही कौन्सिलने निकालात काढला. करारपूर्ती मागणाऱ्याची तयारी कराराच्या दिवसापासून दाव्याच्या सुनावणीपर्यंत अखंड असली पाहिजे, असं त्यात ठरलं. मामांनी मधेच करारपूर्ती सोडून नुकसानभरपाईचा पवित्रा घेतला, तिथे ती साखळी तुटली. पुढे बँक ऑफ इंडिया विरुद्ध जमशेटजी चिनॉय या मुंबईच्याच प्रकरणात त्याच कौन्सिलने कडकपणाला बांध घातला. घेणाराने पैसे आणून समोर मांडले पाहिजेत असं नाही, ते कुठून येणार याची पक्की योजनाही दाखवायला नको. ऐपत आणि इरादा पटला की पुरे. एका निकालाने अखंडता मागितली, दुसऱ्याने नाणी खुळखुळवायला लावली नाहीत. आजचा वादही या दोन टोकांच्या मधेच चालतो.

१८७७ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात ही अट अशी शब्दांत लिहिलेली नव्हती. ती आली १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात, कलम १६(सी) म्हणून, वकिलांच्या तोंडी 'सोळा-सी'. वादीने आपली तयारी फिर्यादीत मांडायची आणि शाबीतही करायची. सोबतच्या स्पष्टीकरणात चिनॉय प्रकरणाचा दिलासा उतरला. कोर्टाने सांगितल्याखेरीज रक्कम देऊ करण्याची किंवा कोर्टात भरण्याची गरज नाही. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने दाव्याला तीन वर्षं दिली. करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर देणाराचा नकार कळल्यापासून.

तेव्हा पेण-रोह्याचा हा जिल्हा कुलाबा होता. पेणच्या खाडीकाठाला खारभूमी आणि मिठागरं, रोह्याकडे कुंडलिकेच्या काठची भातशेती. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळं कागदोपत्री मालक झाली. पण सातबाऱ्यावरची नावं माणसांइतक्या वेगाने सरकत नाहीत. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी उतारा त्यांच्याच नावाचा, बहिणींचे हक्क नोंदायचे राहिलेले, इतर हक्कात कुणा कुळाचं नाव. त्यात कुळकायद्याचं कलम ६३, म्हणजे शेतजमीन घेणारा शेतकरी असला पाहिजे, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. म्हणून इथल्या घेणाराच्या तयारीत पैशाच्या बरोबरीने शेतकरी असल्याचा दाखलाही आला.

अशा जमिनीत तयारी कुणी आधी दाखवायची? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये नथुलाल विरुद्ध फुलचंद या मध्य प्रदेशातल्या प्रकरणात दिलं. सरकी काढायचा कारखाना आणि त्याखालची जमीन विकायची होती. महसुली दप्तरात नाव होतं विकणाऱ्याच्या भावाचं. ते काढणं आणि परवानगी आणणं हे विकणाऱ्याचं काम होतं. ते त्याने केलं नाही, म्हणून ठरल्या तारखेला बाकी न देणारा खरेदीदार कसूरवार ठरला नाही. आमच्याकडच्या साठेखतात 'फेरफार करून देण्याची जबाबदारी लिहून देणाराची' हे कलम असतं, त्याचं वजन या निकालावरून कळतं. ते असेल तर घेणार 'तुमचा उतारा साफ करा, पैसे तयार आहेत' म्हणू शकतो. फक्त ते तोंडी म्हणून भागत नाही.

१९८१ मध्ये जिल्ह्याचं नाव रायगड झालं. १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत पोचली, आणि १९९८ मध्ये रोह्यापासून पुढची कोकण रेल्वे पूर्ण झाली. धाटावच्या औद्योगिक वसाहतीने रोह्याला आणि मुंबई-गोवा महामार्गाने पेणला जमिनीचा नवा भाव दाखवला. साठेखत आणि खरेदीखत यांच्यामधला काळ पूर्वी नुसता काळ होता. आता त्याला किंमत आली. पाच वर्षांपूर्वीच्या भावाने कोण जमीन देणार? आणि भाव चढल्यावर कोण ती सोडणार?

निकालांचा सूरही याच काळात बदलताना दिसतो. १९८८ मध्ये इंदिरा कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालय घेणाराच्या बाजूने उभं होतं. पासबुक मागितलंच नाही, तर ते हजर केलं नाही म्हणून त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येणार नाही. पण १९९५ च्या थिरुज्ञानम निकालात उरलेली रक्कम उपलब्ध असल्याचं शाबीत झालंच पाहिजे, असं आलं. पुढच्याच वर्षी गणेश दासजी प्रकरणात तयारीचे दोन भाग वेगळे मांडले गेले. एक ऐपत, ती पैशावरून दिसते. दुसरा राजीपणा, तो वागण्यावरून दिसतो. १९९७ च्या विद्यानादम निकालात तर भाववाढच कोर्टापुढे आली. मदुराईतलं घर, साठ हजारांचा सौदा, पाच हजार इसार, सहा महिन्यांची मुदत. घेणाराने सुमारे अडीच वर्षं हालचाल केली नाही, मग जागा होऊन दावा लावला. स्थावर मालमत्तेत मुदत हा कराराचा गाभा नसतो, हा जुना नियम शहरी जमिनीचे भाव असे चढत असताना डोळे झाकून लावता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं.

तेव्हापासून उलटतपासाचे प्रश्नही पाठ झाल्यासारखे ठरून गेले. "करारानंतरच्या काळात तुमच्या खात्यात जास्तीत जास्त किती रक्कम होती?" "पासबुक दाखल केलं आहे का?" "पहिली नोटीस किती महिन्यांनी पाठवली?" आणि शेवटी ठरलेला टोला, "भाव वाढला म्हणून तुम्ही हा दावा लावला." साक्षीदार नाही म्हणतो. लेखी उतरतं, 'असे म्हणणे खरे नाही की, मी भाव वाढल्यामुळे दावा दाखल केला.' हे वाक्य लिहिलं की दाव्याचं खरं भांडण एका ओळीत आलं.

पुढच्या दशकात पेण तालुक्यात जमीन हा राजकारणाचा विषय झाला. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र (सेझ) कायद्यानंतर महामुंबई सेझसाठी पेण, उरण, पनवेलच्या जमिनींची चर्चा पेटली. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांत जमीन द्यायची की नाही यावर जनमत घेतलं गेलं. अशा हवेत साठेखतं होतात ती बहुधा गावाबाहेरच्या माणसांची, आणि व्यवहार बघतो गावातला मुखत्यार. मान कौर प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सोयीला चाप लावला. राजीपणा ही मनातली गोष्ट, तिची साक्ष साधारणपणे घेणाराने स्वतः पिंजऱ्यात उभं राहून द्यायची. सगळा व्यवहार सुरुवातीपासून मुखत्यारानेच केला असेल, अशा मोजक्या ठिकाणी सूट.

त्याच २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. पासबुकावर आकडा आहे, पण हातात काही नाही, असं पेणकरांना त्या वर्षी दिसलं. ऐपत म्हणजे कागदावरची रक्कम की वेळेला निघणारी, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातून उठून बाजारपेठेत आला.

मग विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाची १ ऑक्टोबर २०१८ ची दुरुस्ती. तोवर करारपूर्ती देणं न देणं न्यायाधीशाच्या विवेकावर होतं. दुरुस्तीने ते बहुतांशी बंधनकारक केलं. 'सोळा-सी'तून तयारी फिर्यादीत मांडण्याचा शब्द गेला, शाबीत करण्याचा राहिला. पुष्कळांना वाटलं, घेणाराचं काम सोपं झालं. झालं उलटंच. विवेकाचं दार बंद झाल्यावर देणाराला बचावासाठी उरलेलं मोठं दार म्हणजे तयारीच, म्हणून सगळा जोर तिथे आला. २०२२ च्या कृष्णमूर्ती निकालात तर पैसे उपलब्ध असल्याचा पुरावा न आल्याने खरेदीदार हरला.

आता अटल सेतू झाला, पेण मुंबईच्या आणखी जवळ आलं. उद्याचे दावे आजच्या साठेखतांत आहेत. ज्याला ते लढायचे नाहीत, त्याने इसार दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कागद जमवावेत. उतारा साफ करून मागणारी पत्रं, पोचपावत्या, कर्जमंजुरी किंवा ठेवीचा दाखला, खरेदीखताला बोलावणारी नोटीस. तीन वर्षांची मुदत ही दावा लावण्याची शेवटची तारीख, झोपा काढण्याची परवानगी नव्हे.

आणि दावा जिंकल्यावरही प्रश्न पाठ सोडत नाही. हुकूमनाम्यात बाकी रक्कम भरायची तारीख असते. ती चुकली की त्याच अधिनियमाच्या कलम २८ खाली देणार करारच रद्द करून मागू शकतो. इतक्या वर्षांची साक्ष, पासबुकं, निकाल बाजूला राहतात, आणि तयारीचा शेवटचा पुरावा उरतो तो कोर्टातल्या भरण्याच्या चलनावरचा एक शिक्का.