वयाचा दाखला आणि देहाची कुवत

सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडसारख्या गावाहून सत्तरी ओलांडलेला एखादा वृद्ध कर्करोगावरील उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाकडे निघतो, तेव्हा ‘या वयात आता कशाला?’ असे प्रथम आप्तच विचारतात; परंतु जन्मतारखेच्या दाखल्यावरून देहाची कुवत ठरत नाही, आणि ती अजमावण्याची शास्त्रशुद्ध रीत आज उपलब्ध आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात वृद्ध कर्करुग्णांसाठी २०१८ पासून याच हेतूने स्वतंत्र विभाग चालतो.

या रीतीत रुग्णास खुर्चीतून उठून तीन मीटर चालावयास व परत येऊन बसावयास सांगून लागलेला वेळ मोजतात. तीन शब्द स्मरणात ठेवावयास देऊन घड्याळ काढावयास लावतात. वजन किती घटले, तोल जाऊन पडणे झाले काय, मन खचले आहे काय, घरी सोबतीस कोण, याचा तपशील घेतात. माझ्या मते सर्वांत मोलाची तपासणी औषधांच्या पिशवीची. कारण गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेल्या गोळ्या तीत हमखास सापडतात, आणि त्या काही केमोथेरपींच्या जोडीने मूत्रपिंडास घातक ठरतात.

अमेरिकेत सत्तरी गाठलेल्या ७१८ रुग्णांवरील, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, ज्यांच्या डॉक्टरांना अशा तपासणीचा अहवाल मिळाला त्यांच्यापैकी ५१ टक्क्यांना, तर इतरांपैकी ७१ टक्क्यांना तीव्र दुष्परिणाम झाले. अहवालानुसार आरंभीची मात्रा कमी करणे, प्रथिनयुक्त आहाराची व व्यायामाची तजवीज करणे शक्य होते; म्हणून पहिल्याच भेटीस घरातील सर्व औषधे आणि रुग्णाची रोजची उठबस जाणणारा माणूस अवश्य सोबत न्यावा.