बटणाची जागा

म्हैसूर येथे १९६९ साली भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. याच संस्थानाच्या वतीने २०१६ मध्ये ‘भारतवाणी’ हे संकेतस्थळ सुरू झाले. शब्दकोश, ज्ञानकोश, पाठ्यपुस्तके असे साहित्य अनेक भारतीय भाषांतून, अर्थातच मराठीतूनही, वाचकापर्यंत पोहोचविणे हा त्याचा हेतू. मोठ्या ग्रंथालयात वाट चुकलेला वाचक निदान ग्रंथपालाला विचारू शकतो. संकेतस्थळावर ते काम बटणांना करावे लागते. म्हणून बटण कोठे असावे, केवढे असावे आणि त्यावर काय लिहावे, हा प्रश्न केवळ सजावटीचा नव्हे.

बहुभाषी संकेतस्थळावर वाचकाचे पहिले पाऊल भाषा निवडण्याचे असते. तेथे ‘मराठी’ हा शब्द देवनागरीतच हवा. रोमन अक्षरे न येणाऱ्याला रोमन पाटीचा काय उपयोग? नुसते एखादे देवनागरी अक्षर काढूनही भागत नाही, कारण हिंदी, नेपाळी आणि कोकणीही त्याच लिपीत लिहिल्या जातात. ध्वजाचे चित्र तर सर्वांत निरुपयोगी, कारण एकाच ध्वजाखाली अनेक भाषा नांदत आहेत.

आकार आणि अंतर यांचा नियम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडला. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका हाताला तेथे पोहोचण्यास अधिक वेळ लागतो. या नियमाप्रमाणे अंतर दुप्पट करणे आणि लक्ष्याची रुंदी निम्मी करणे यांची किंमत सारखीच पडते. यास्तव वारंवार लागणारे बटण मोठे आणि हाताजवळ असावे. मोबाइल एका हातात धरणाऱ्याचा अंगठा पडद्याच्या खालच्या भागात सहज फिरतो; वरच्या दूरच्या कोपऱ्यात तो ताणावा लागतो.

हाच नियम उलट बाजूनेही उपयोगी पडतो. ‘पाठवा’ आणि ‘रद्द करा’ ही बटणे एकमेकांस चिकटून असली, तर बोट जरासे सरकताच तासभर भरलेला अर्ज नाहीसा होतो. अशी बटणे एकमेकांपासून दूरच बरी. मुखपृष्ठाचे आणि शोधाचे बटण मात्र प्रत्येक पानावर एकाच जागी असावे. घरातील दिव्याचे बटण रोज निराळ्या भिंतीवर सापडू लागले, तर कोणाची धडगत राहील?

दृष्टिहीन वाचकासाठी संगणक बटणाचे नाव मोठ्याने उच्चारतो. ‘येथे दाबा’ हेच शब्द दहा वेळा कानी पडले, तर त्याला काहीच उमगत नाही. ‘शब्दकोश उघडा’ असे म्हटले, तर लगेच उमगते. नुसत्या चित्राच्या बटणालाही असे नाव दिलेले असावे.

शासकीय संकेतस्थळांसाठी भारत सरकारची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली निघाली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. ही तत्त्वे पाळली गेली की नाही, हे पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. प्रथमच येणाऱ्या माणसाला संकेतस्थळासमोर बसवावे, एक काम सांगावे आणि त्याला मुळीच न सुचविता त्याचे बोट कोठे अडखळते ते पाहावे. दाखला किंवा शिष्यवृत्ती यांचा अर्ज आज घरबसल्या करता येतो. परंतु बटण सापडले नाही, तर गरजू माणूस दुसऱ्याला पैसे देऊन तो भरून घेतो, नाहीतर मुदत टळून जाते. त्याचा हक्क कागदावर शाबूत असतो. पण तो त्याच्या हाती मात्र पडत नाही.