पिळाच्या जोरावर

इंग्लंडमध्ये मेडवे नदीच्या काठी, चॅटमच्या जुन्या गोदीत, अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली एक विटांची इमारत आहे. लांबी 346 मीटर. या टोकाहून त्या टोकाला जायला कामगार सायकल वापरत. एवढी लांबी कशासाठी? तर इथे जहाजांचे दोर वळतात आणि पीळ भरताना दोर आखडतो; सुताच्या लांबीतला जवळजवळ एक तृतीयांश भाग पिळातच जातो. शिडांच्या आरमाराला सलग 120 फॅदम, म्हणजे सुमारे 220 मीटर दोर हवा असे. तेवढा मिळवायचा तर आधी पदर त्याहून कितीतरी लांब ताणावे लागत. याच गोदीतून 1765 मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेला 40 किलोमीटरांहून अधिक दोर लागला. गोदी 1984 मध्ये बंद पडली, पण दोर वळणं थांबलं नाही. हेन्री मॉड्सलेचं 1811 सालचं यंत्र तिथे अजून चालतं.

दोराचं सारं बळ उलटसुलट पिळात असतं. तंतूंचं सूत एका दिशेने, सुतांचा पदर उलट दिशेने आणि तीन पदरांचा दोर पुन्हा पहिल्या दिशेने. पदर उलगडू पाहतो, आणि त्याच ओढीने दोर आवळत जातो. तीन खाचांचा एक लाकडी शंकू या पदरांच्या मधून सरकत जातो. त्याच्यापुढे तीन सुटे पदर, मागे तयार दोर. शंकू भराभर सरकला तर पीळ सैल पडतो, रोखून धरला तर दोर कडक होतो. नौदलाच्या दोरात वेगळ्या रंगाचं एक सूतही घालत. चोरीचा दोर बाजारात आला की पदर उलगडायचा, चोर सापडलाच.

मुंबईतही दोर वळण्याचा धंदा होता. काळा घोडा भागातल्या रोप वॉक लेनला त्यावरूनच नाव पडलं.

खलाशाच्या लेखी सगळ्या गाठी सारख्या नसतात. दोन दोर जोडते ती बेंड, दोर खांबाला किंवा कडीला अडकवते ती हिच. बोलाइनचा फास ताणाखाली सरकत नाही आणि ताण गेला की बोटांनी सुटतो; असा गुण फार थोड्या गाठींत आहे. जाड-बारीक दोर जोडायला शीट बेंड. रीफ नॉट दिसायला नेटकी, पण ती गुंडाळलेलं शीड बांधण्यापुरतीच. तिचं एक टोक उलटं खेचलं की ती पलटून सुटते. दोन दोर जोडायला ती वापरणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

शिवाय कोणतीही गाठ फुकट मिळत नाही. दोर जिथे करकचून वाकतो तिथे बाहेरच्या तंतूंवर जास्त ताण येतो, आणि दोराची ताकद एक तृतीयांश ते निम्म्याने घटते. म्हणून कायमच्या कामाला स्प्लाइस, म्हणजे पदरात पदर विणणं. आय स्प्लाइस करताना टोकाचे तिन्ही पदर उलगडायचे, हवा तेवढा डोळा, म्हणजे फास, राहील असा वळसा घ्यायचा आणि लाकडी सुळ्याने दोराचा पीळ उघडून एकेक पदर आत सारायचा: एकावरून, पुढच्याखालून, पिळाच्या आडवा. तागाला असे तीन फेरे पुरतात. निसरड्या नायलॉनला निदान पाच. मग जितकं ओढावं तितकी वीण आवळते. नीट केलेल्या स्प्लाइसमध्ये दोराची बहुतेक ताकद शाबूत राहते. ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ असं आपण हट्टी माणसाला हिणवतो. जहाजावर सगळी भिस्त त्या हट्टावरच. आजच्या वेणीदार दोरांना मात्र असे पदर नसतात. त्यांत बाहेरचं आवरण आणि आतला गाभा एकमेकांत ओवायची निराळीच रीत आहे.

अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड या देवमाशांच्या शिकारीच्या बंदरात जन्मलेल्या क्लिफर्ड अ‍ॅशले या चित्रकाराने 1944 मध्ये गाठींचा ग्रंथ काढला. त्यात 3,800 हून अधिक नोंदी आणि हजारो रेखाटनं आहेत. होडीवर नव्याने पाय ठेवणाऱ्याने तो सगळा पालथा घालायची गरज नाही. बोलाइन, शीट बेंड, गोल वळशावर दोन हाफ हिच आणि आय स्प्लाइस एवढं शिकून घ्यावं. फक्त अंधारात, ओल्या हातांनी जमेपर्यंत.